इंजिनाचं दावं

निवृत्तीनंतर माणसानं वस्तू कमी करत जाव्यात, वाढवू नयेत, असं माझं मत होतं, आणि ते मी घरात दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवत असे. स्वतः पाळतही होते. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून बाहेर पडले त्या वर्षीच ट्रंका उपसल्या, पितळेची भांडी वाटून टाकली, पुस्तकं शाळेला दिली, शिलाई मशीनसुद्धा शेजारणीला देऊन मोकळी झाले. आपलं आता आवरायचं वय, नवीन काही मांडायचं नाही, हे मनाशी पक्कं केलं होतं. आमचे हे माझ्या पाठोपाठ भूमापन खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी भालकीच्या घरामागच्या बागेत रेल्वे टाकली.

रेल्वे खेळण्यातली, पण थाट खऱ्या रेल्वेचा. रूळ तीन बोटं रुंद. पेरूपासून निघायचे, कढीपत्त्याला वळसा घालायचे, धुण्याच्या दगडामागून हौदाच्या कडेनं परत पेरूपाशी. आयुष्यभर दुसऱ्याच्या जमिनी मोजलेला माणूस, त्यानं आपल्या बागेची चुन्यानं आखणी केली, लेव्हल लावली, खडी चाळून घेतली. माझं अळूचं आळं भूसंपादनात गेलं. नुकसानभरपाईचा अर्ज तोंडी केला होता, तो अजून विचाराधीन आहे.

त्या रुळांवर बॅटरीचं इंजिन धावायचं. धावायचं म्हणजे मिक्सरमध्ये शेंगदाणे फिरवल्यासारखा आवाज करत फिरायचं. चार दिवसांत हे कंटाळले. म्हणाले, "अगं, इंजिन म्हणजे वाफेचं. बाकी सगळं सोंग." मी म्हटलं, "या वयात वाफा अंगावर घेऊन भाजून घ्यायचंय का?" पण ज्याचं एखाद्या गोष्टीवर मन बसलं, त्याला सांगून उपयोग नसतो. हे महिनाभर चौकशा करत फिरले.

शेवटी पत्ता दिला तो बाजाराकडच्या लेथवाल्यानं. म्हणाला, "निर्ण्याला एक म्हातारा हाय, साहेब. जल्मभर बॉयलरवर काम केलंय. घरी बसून इंजन केलंय त्यानं, खरंखुरं, वाफंवर पळतंय. आता पोरीकडं ऱ्हायला जायलाय कलबुर्गीला, तिसऱ्या मजल्यावर. म्हणून इकायचं म्हणायलाय. पण कोणालाबी देईना झालाय."

"का?" ह्यांनी विचारलं.

"तोंड बघून देतो म्हणतो. बिदरचा एक डॉक्टर दवाखान्यात काचंच्या कपाटात ठेवतो म्हणला, त्याला वापस लावला. एका हॉटेलवाल्यालाबी वापस लावला."

हे ऐकून मला त्या म्हाताऱ्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. शाळेतलं प्रयोगशाळेचं कपाट कुलपात ठेवणाऱ्या शिक्षकांशी मी बारा वर्षं भांडले आहे.

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. भालकीहून हुमनाबाद, तिथं बस बदलून निर्णा. घर गावाच्या कडेला होतं, समोर मोठं अंगण, बाजूला गोठा. गोठ्यात जनावर एकही नव्हतं. अंगणभर रूळ मात्र होते, रुंदीला आमच्याएवढेच, लांबीला दुप्पट. म्हातारा दारात घोंगडं टाकून बसला होता. उंच, वाळका, डोळे मात्र तिखट. घरात कानडी, आमच्याशी मराठी. त्याच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, बापानं शेती केली, आणि हा साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेला. मी त्यांना अप्पा म्हणू लागले, कारण वयानं ते आमच्यापेक्षा चांगले पंधरा वर्षांनी मोठे होते.

आम्ही इंजिन बघायला गेलो होतो, पण पहिला तासभर बघणं आमचंच चाललं होतं. रूळ किती लांब, चढ कुठं आहे, सगळ्यात लहान वळणाचा घेर किती. आमच्या ह्यांनी पिशवीतून बागेचा नकाशा काढला, मापासकट, उत्तर दिशेच्या बाणासकट. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांचा नकाशा सही करण्याऐवजी वाचत होतं. अप्पांनी कढीपत्त्यापाशी बोट ठेवलं. "हितं लई आवळलंय. पोट घासंल इंजनाचं. झाड काढा न्हाईतर रूळ सरकवा."

"झाड काढायचं नाही," मी म्हटलं.

"मग रूळ सरकवा," अप्पा म्हणाले, आणि माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "बाई, तुमी बघणार का ह्याच्याकडं?"

"मला खेळण्यांचा नाद नाही."

"खेळणं न्हाईच हाय ते," ते म्हणाले आणि आत गेले.

इंजिन बाहेर आलं ते एका फळीवर. फळीच्या दोन्ही अंगांना अंबाडीचा दोर बांधलेला, झोळीसारखा. दोराच्या टोकांना काळ्या लोकरीची गुंडाळी. दर रविवारी सहा वर्षं ते इंजिन त्याच दोरावर घरातून अंगणात येत होतं. दोर हातांनी गुळगुळीत झाला होता.

मी वाकून इंजिनाकडं बघितलं. हातभर लांबीचं काळं इंजिन, पण त्यात एक जागा अशी नव्हती की तिथं कानस लागली नाही. चाकाचा एकेक आरा हातानं घासलेला. तांब्याचा बॉयलर, त्याचे सांधे चांदीच्या डागानं जोडलेले. वाफेचा दाब दाखवणारा काटा जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढा, त्यावर आकडे सुईनं कोरलेले. जुन्या पितळी नळाचा बॉयलरवरचा घुमट झाला होता. मी चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, खाडाखोड कुठं असते ते मला न बघता कळतं. इथं खाडाखोड नव्हती. चुकलेले भाग अप्पांनी डब्यात ठेवले होते, तोही डबा त्यांनी दाखवला. तो इंजिनापेक्षा जड होता.

"चुकलेले कामून ठेवलेत?" मी विचारलं. अप्पांची भाषा नकळत माझ्या तोंडात आली होती.

"त्यानीच तर शिकीवलंय."

मग पाणी. त्यांनी बाटलीतलं पावसाचं गाळलेलं पाणी भरलं आणि ह्यांना बजावलं, "बोअरचं पाणी पाजायचं न्हाई. हिकडलं पाणी खारं. इंजनाला मुतखडा हुतोय." खाली स्पिरिटचा दिवा. काडी ह्यांच्या हातात दिली. इतक्या दिवसांची इच्छा समोर आली की माणूस घाई करतो. दोन काड्या विझल्या. अप्पांनी काडेपेटी त्यांच्या हातातून घेतली आणि माझ्यापुढं धरली.

मी पेटवलं. फळ्यावर सरळ ओळ लिहायची सवय असलेला हात, तो कशाला घाई करतो? दहा मिनिटं आम्ही तिघं उकिडवे बसून त्या आठ आण्याएवढ्या काट्याकडं बघत होतो. आधी काहीच नाही. मग आत कुजबुज झाली, मग दूध उतू जाण्याआधी भांडं बोलतं तसा आवाज. काटा हलला. अप्पा म्हणाले, "आता ही दांडी. दार उघडल्यागत उघडा बाई, ढकलल्यागत न्हाई."

मी दांडी उघडली. इंजिनानं एक हुंकार दिला, चाकं जागीच थोडी फिरली, आणि ते निघालं. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. त्या घाबरल्या नाहीत. गावातल्या बससाठी माणसं सरकतात तशा फूटभर सरकल्या, इंजिन गेलं, परत जागेवर आल्या. गोठ्यापाशी वळणावर बारीक, खणखणीत शिट्टी वाजली. माझ्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की पुढचे आठ दिवस मला चिडवायला त्यांना तेवढं पुरलं.

"न्या," अप्पा म्हणाले. "बाईच्या हाताला दम हाय."

भाव ठरला तोही त्यांच्याच रीतीनं. बैलबाजारात ठरवतात तसा, टॉवेलखाली बोटं दाबून. आमच्या ह्यांना ती बोटांची भाषा ओ की ठो येत नाही. प्रत्येक दाबाला हे मान डोलवत होते. टॉवेलखाली काय ठरलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि ह्यांना तरी त्या वेळी कळलं होतं का याची मला शंका आहे. अप्पा हसत होते, तेव्हा फार लुबाडलं नसावं.

मग चूक झाली. ती ह्यांची निम्मी आणि माझी निम्मी.

अप्पा इंजिनाला लावायला भंडारा आणायला आत गेले होते. तेवढ्यात परतीच्या बसनं हॉर्न वाजवला. ती चुकली तर पुढची संध्याकाळी. ह्यांनी घाईघाईनं इंजिन पोत्यात गुंडाळून खोक्यात घातलं. खोकं बांधायला सुतळी नव्हती. फळीचा दोर समोर होता. ह्यांनी तो सोडून खोक्याला आवळला. धूळ जाऊ नये म्हणून मी वरून माझी शाल घातली. अप्पा बाहेर आले, त्यांनी शालीवरच चिमूटभर भंडारा टाकला, हात जोडले आणि तोंड फिरवून उभे राहिले. जाणाऱ्या जनावराकडं मालक बघत नाही, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला वाटलं, म्हातारा रागावला.

बसमध्ये खोकं मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, यात काय आहे. हे म्हणाले, रेल्वेचं इंजिन. "मग डबे मागून येयलेत का?" असं म्हणून तो पुढं गेला. हुमनाबादपर्यंत अर्धी बस आमच्याकडं वळून वळून बघत होती. मला एरवी अशा गोष्टींचा संताप येतो. त्या दिवशी मी शाल थोडी बाजूला करून एका बाईला चाक दाखवलं.

घरी पोचून दिवे लागतात न लागतात तोच अप्पांचा फोन.

"बाई, दावं तुमच्यासंगं गेलंय."

"कसलं दावं?"

"इंजनाचं."

मला क्षणभर काही उमगेना. मग खोक्याचा दोर दिसला, टोकांना काळी लोकर. मी म्हटलं, "अप्पा, दोरच ना? तुम्हाला नवा घेऊन पाठवते, चांगला नायलॉनचा."

"नवं चालत न्हाई." मग म्हणाले, "ऐतवारी जायचंय मला. दावं घरात न्हाई तर पुडलं काम हातात घेता येईना. तुमी वापस आणा."

त्यांनी फोन ठेवला. माझं डोकं फिरलं. एका दोरासाठी दोन बसा करून जायचं? सामान बांधायला माणसाला दोर लागतो, तर गावात दुकानं नाहीत का? हे म्हणाले, "ड्रायव्हरच्या हाती पाठवू." नेहमीचा उपाय. आमच्याकडं औषधापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं ड्रायव्हरच्या हाती जातं. मीही हो म्हणून टाकलं.

सकाळी दूध घालायला गवळी आला. त्याच्या घरी आठ म्हशी. दारात खोकं दिसलं म्हणून त्यानं विचारलं, मी रागारागात सगळी कथा सांगितली. मला वाटलं, हसेल. त्यानं दुधाचं माप खाली ठेवलं.

"बाई, तुमी जनावर घ्यायला गेलाव अन् आपलं दावं नेलं न्हाई?"

"जनावर नव्हतं. इंजिन होतं."

"इकणाऱ्याचं दावं कवाच आणायचं नस्तंय. म्हस दिली तरी दावं आपल्याच दावणीला ऱ्हातंय. घेणाऱ्यानं आपलं दावं न्यायचं. दावं घरात असलं की त्या जागी दुसरं जनावर येतंय. दावं गेलं की जागा रिकामीच ऱ्हाती."

"अरे, त्यांना ऐंशी होत आली. तिसऱ्या मजल्यावर राहायला चाललेत. आता कुठलं दुसरं इंजिन येणार?"

"ते मला ठाव न्हाई," गवळी म्हणाला, "पण ड्रायव्हरच्या हाती पाठवू नका."

तो गेल्यावर मी दुधाचं पातेलं आत ठेवून आले. शाळेत माझ्या कपाटात मुलांकडून काढून घेतलेले भोवरे, गोट्या, लगोरीचा चेंडू असं सगळं असायचं. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी लावलेली. वर्षाच्या शेवटी ज्याचं त्याला परत. एकही वस्तू माझ्याकडं राहिलेली नाही, आणि त्याचा मला गर्व आहे. आणि आता एका म्हाताऱ्या माणसाचं दावं माझ्या व्हरांड्यात पडलं होतं, माझ्याच शालीखालून आलेलं. हे तोवर बाटलीत पाणी गाळून, काडेपेटी घेऊन इंजिनापाशी बसले होते. मी म्हटलं, "काडी ओढायची नाही. दावं परत गेल्याशिवाय इंजिन रुळावर चढायचं नाही." माझा तो आवाज ऐकून अख्खी शाळा बसायची. हेही उठले आणि चपला शोधू लागले.

त्याच दिवशी आम्ही निर्ण्याला परत गेलो. घरात पोती, गाठोडी, दोन ट्रंका बांधून तयार. अप्पा गोठ्यात बसले होते. मी दोर दोन्ही हातांवर घेऊन पुढं केला. म्हटलं, "अप्पा, चुकलं. आम्हाला रीत माहीत नव्हती." त्यांनी दोर घेतला, लोकरीच्या गुंडाळीवरून अंगठा फिरवला आणि डोळ्यांना लावला. "व्हय," एवढंच म्हणाले.

तेव्हा मी गोठ्याची भिंत बघितली. एका ओळीत खुंट्या, आणि खुंट्यांवर दावी. काही काळी पडलेली, काहींचे नुसते धागे उरलेले. अप्पांनी उठून एकेक दाखवलं. हे आईच्या वेळच्या म्हशीचं, ती गेली अन् तिच्या जागी खिल्लारी गाय आली. हे त्या खिल्लारीचं. हे एडक्याचं, तो तर दावं तोडून पळायचा. शेवटचं दावं बैलाचं, आणि त्या जागी आलं ते इंजिन. त्या ओळीत एक खुंटी रिकामी होती. मला वाटलं, अप्पा आता दोर तिथं अडकवतील, आणि मी जरा मागं सरकले, कारण माझे डोळे भरून आले होते. मला वाटत होतं, या माणसाच्या घराण्याच्या आवराआवरीचा हा शेवटचा दोर.

अप्पांनी तो तिथं अडकवला नाही. त्यांनी त्याची घडी घातली आणि बांधून ठेवलेल्या पिशवीत सगळ्यात वर ठेवली.

"इथं नाही टांगत?" मी विचारलं.

"हितं कामून? हितं आता कोण येणार हाय? पुडलं तिकडं येणार."

पिशवीशेजारी पोत्यावर एक तांब्याची नळी पडली होती, मनगटाएवढी जाड, कोरी. तिच्यावर खडूच्या खुणा होत्या, बाजूला करवत, कानस, कंपास ओळीनं मांडलेले. एकाही हत्याराला हात लागलेला नव्हता. इंजिन गेलं की त्याच दिवशी नळीला करवत लावायची, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि कालपासून दावं नाही म्हणून ते तिच्यापुढं नुसते बसून होते. मला काम म्हणजे सामानाची बांधाबांध वाटली होती.

"अप्पा, हे किती वर्षांचं काम?"

"पयल्याला अकरा लागली. हे बारकं हाय. आता चुका कमी हुतील. सात धरा."

ऐंशीच्या घरातला माणूस सात वर्षं धरत होता, आणि मी साठीत शिलाई मशीन देऊन बसले होते. मला त्यांचा हेवा वाटला, आणि माझी मला लाज वाटली. हे मात्र लगेच कामाला लागले. विचारलं, "पण अप्पा, तिसऱ्या मजल्यावर रूळ कुठं टाकणार?"

"बाल्कनी हाय की. अकरा फूट. जायाचं, यायाचं. बास."

"आणि दावं?" मी म्हटलं. "फ्लॅटात खुंटी कुठली?"

"गेल्या म्हैन्यातच जाऊन ठोकून आलोय," अप्पा म्हणाले. "जावई काई बोल्ला न्हाई."

मग ते पोत्यावर बसले, नळी पायात धरली, करवत उचलली, आणि आमच्याकडं न बघता म्हणाले, "आता निघा तुमी. उजेड हाय तवर मला काम करायचंय." आम्हाला त्यांनी चहासुद्धा विचारला नाही.

हुमनाबादला बस बदलताना मी बाजारात शिरले. ह्यांनी विचारलं, काय घ्यायचंय. अंबाडीचा दोर घेतला, चांगला पिळाचा, आमच्या इंजिनासाठी. दोरवाल्यानं विचारलं, म्हशीला का बैलाला? मी त्याला खरं ते सांगितलं. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहिले आणि माझी शिलाई मशीन परत मागितली.